हातविणीचे मोजे

हातविणीचे मोजे : लोकरीच्या किंवा सुताच्या अखंड धाग्याने, सुयांवर गोल विणून केलेले बिनशिवणीचे पायमोजे. थंड प्रदेशांत हिवाळ्यात हे काम अनेक घरांत चालते. चार किंवा पाच दोनटोकी सुया आणि सु. १०० ग्रॅम बारीक लोकर एवढ्यात प्रौढ माणसाचा एक जोड होतो. टाके घालणे, सुलट-उलट विणणे व टाके बंद करणे या क्रिया स्वेटरच्या विणकामातल्याच असल्याने त्यांचे वर्णन येथे केलेले नाही.

उगम : सर्वांत जुने मोजे म्हणून ज्यांचा उल्लेख नेहमी होतो ते इजिप्तमधील आहेत. ऑक्सिरिंकस येथे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मिळालेला तांबड्या लोकरीचा एक जोड लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात असून त्याचा काळ साधारणतः इ. स. २५० ते ४२० च्या दरम्यानचा मानतात. अंगठा एका कप्प्यात व उरलेली चार बोटे दुसऱ्यात अशी त्याची घडण आहे; तो पट्ट्यांच्या चपलेबरोबर घालण्यासाठी असावा. अँटिनोपोलिस येथील लहान मुलाचा एक पट्टेरी मोजा ब्रिटिश संग्रहालयात आहे (इ. स. सु. ३००). त्यातील धाग्यांच्या सात रंगछटा मॅडरचा तांबडा, वोडचा निळा आणि वेल्डचा पिवळा अशा तीनच वनस्पतिज रंगांतून साधल्याचे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तपासणीत दिसून आले.

हे मोजे दोन सुयांच्या विणीचे नाहीत, हे मात्र बऱ्याच उशिरा स्पष्ट झाले. ते नालबिंडिंग या तंत्राने केलेले आहेत. या तंत्रात नेढे असलेली एकच बोथट सुई वापरतात आणि प्रत्येक टाक्यातून धाग्याची संपूर्ण लांबी ओढून घेतात. त्यामुळे धागा हातभर लांबीचाच घ्यावा लागतो व पुनःपुन्हा नवा तुकडा जोडावा लागतो. सुयांवरच्या विणीत मागच्या फासातून पुढचा फास तेवढा बाहेर काढायचा असल्याने गुंडा कितीही मोठा असला तरी चालतो. अडचण अशी, की नालबिंडिंगचा एक प्रकार आणि पिळाच्या सुलट टाक्यांची वीण यांचा पृष्ठभाग डोळ्यांना तंतोतंत सारखा दिसतो. भेद ओळखायचा तो धाग्याच्या सांध्यांवरून, वाढ-घट कशी केली आहे त्यावरून आणि टोक मोकळे केल्यावर वीण उसवते की नाही यावरून. विणलेला मोजा ओढला की ओळीमागून ओळ उसवत जातो. नालबिंडिंगचा तसा उसवत नाही. संग्रहालयातील दीड हजार वर्षांच्या नमुन्यावर ही शेवटची परीक्षा अर्थातच कोणी करीत नाही.

या साम्यामुळे झालेल्या गोंधळाचे प्रसिद्ध उदाहरण सिरियातील ड्यूरा-यूरोपसचे आहे. हे शहर इ. स. २५६ च्या सुमारास इराणच्या सासानी राजघराण्याच्या सैन्याने उद्ध्वस्त केल्यामुळे तेथील वस्त्रांचे तुकडे त्याआधीचे ठरतात. त्यांतील काही तुकडे १९४५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या उत्खनन-अहवालात विणकामाचे म्हणून नोंदले गेले, आणि सुयांवरची वीण तिसऱ्या शतकाइतकी जुनी असल्याचे अनेक ग्रंथांत आले. १९७२ मध्ये कॅनडातील वस्त्र-अभ्यासक डोरोथी बर्नहॅम यांनी या प्रकारचे कॉप्टिक (इजिप्तच्या ख्रिस्ती समाजाचे) नमुने एकाच सुईने करता येतात, किंबहुना तसेच केलेले असावेत, हे दाखवून दिले. आज बहुतेक अभ्यासक हेच मत ग्राह्य धरतात. जुन्या कोशांतून घेतलेली तिसऱ्या शतकाची तारीख अजूनही अधूनमधून आढळते, ती सावधपणे घ्यावी.

खऱ्या अर्थाने सुयांवर विणलेले जुने मोजे इस्लामी काळातील इजिप्तचे आहेत. ते सुती असून पांढऱ्या व निळीच्या निळ्या धाग्यांनी, पट्ट्यापट्ट्यांत नक्षी उमटवून, बोटांकडून वरच्या दिशेने विणलेले आहेत. त्यांचा काळ अकराव्या ते चौदाव्या शतकांदरम्यान कोठेतरी धरतात. नमुन्यागणिक हे आकडे बदलतात. दोन रंगांचे धागे एकाच फेरीत फिरवून इतकी बारीक नक्षी साधणे नवशिक्या हातांचे काम नव्हे. त्यामागे बऱ्याच पिढ्यांचा सराव असला पाहिजे, म्हणून तंत्राचा आरंभ या नमुन्यांच्या आधी काही काळ मानणे योग्य वाटते. वीण उजवीकडून डावीकडे सरकते, म्हणून ती अरबी लिपी लिहिणाऱ्यांनीच शोधली, असा युक्तिवादही केला जातो; त्याला फारसे वजन देता येत नाही. यूरोपातील आद्य पुरावा स्पेनमधील बर्गोसजवळच्या लास उएल्गास मठात आहे. तेथे १२७५ मध्ये मरण पावलेल्या फर्नांदो दे ला सेर्दा या राजपुत्राच्या थडग्यात रेशमी विणीची उशी सापडली. मुस्लिम कारागिरांचा हात तिच्यामागे असावा, असे नक्षीवरून मानतात. इजिप्तकडून स्पेन व तेथून उत्तरेकडे हा मार्ग त्यामुळे सर्वांत संभाव्य ठरतो. इ. स. १४०० च्या सुमारास मास्टर बर्ट्राम या जर्मन चित्रकाराशी संबंधित असलेल्या बुक्स्टेहूड येथील वेदीचित्रात येशूची आई मेरी चार सुयांवर गोल वीण विणताना दिसते. म्हणजे मोज्याला लागणारी सामग्री तोवर उत्तर यूरोपात ओळखीची झाली होती. उलटा टाका मात्र उशिराचा दिसतो. फ्लॉरेन्समध्ये १५६२ साली पुरलेल्या टोलेडोच्या एलेओनोरा या तेथील डचेसच्या तांबड्या रेशमी मोज्यांवर तो नक्षीसाठी वापरलेला आहे.

टाच : पाऊल पोटरीशी काटकोनात असल्यामुळे सरळ नळी घोट्यापुढे चुण्या टाकते आणि टाचेवर ताणली जाते. टाच ते घोट्याचा पुढचा भाग असा तिरका घेर पावलाच्या घेरापेक्षा बराच मोठा असतो. हा फरक कसा भरून काढायचा, यावरून टाचेचे प्रकार पडले आहेत. सर्वाधिक प्रचारात असलेल्या पट्टीच्या टाचेचे उदाहरण घेऊ. पावलाचा घेर २२ सेंमी. असेल तर मोजा त्याहून सु. दहा टक्के कमी, म्हणजे २० सेंमी. घेराचा धरतात, सैल मोजा बुटात गोळा होतो. १० सेंमी.मध्ये ३२ टाके बसत असतील तर ६४ टाके घ्यावे लागतात. सुयांची जाडी अशा वेळी २ ते २·५ मिमी. असते.

पोटरीची नळी पुरेशी लांब झाली की ६४ पैकी ३२ टाके पावलाच्या वरच्या बाजूसाठी बाजूला ठेवतात आणि उरलेल्या ३२ टाक्यांवर पुढेमागे विणत ३२ ओळींची पट्टी करतात. सुलट ओळीत एक टाका न विणता नुसता उचलायचा व एक विणायचा. यामुळे पट्टी जाड होते आणि बुटाच्या घर्षणात टिकते. प्रत्येक ओळीचा पहिला टाका उचललेला असल्याने दोन्ही कडांना सोळा-सोळा दुव्यांची साखळी तयार होते. पुढे टाच वळवायची. मधल्या टाक्यांवर अपुऱ्या ओळी विणत, दर ओळीच्या शेवटी मोकळ्या जागेच्या दोन्ही बाजूंचे दोन टाके एकत्र विणत गेले की ३२ चे १८ उरतात आणि पट्टीच्या तळाशी वाटीसारखा खोलगट आकार येतो. शिकणाऱ्याला येथे हमखास शंका येते की काहीतरी चुकले, कारण ओळ अर्धवट टाकून काम उलटे फिरवणे तोवरच्या सवयीविरुद्ध असते. मग कडेच्या साखळ्यांतून १६ व १६ टाके उचलतात. आता सुयांवर १८, ३२ व बाजूला ठेवलेले ३२ मिळून ८२ टाके होतात. हे जास्तीचे १८ टाकेच तिरक्या घेराला जागा देतात. दर दुसऱ्या फेरीला दोन टाके कमी करत १८ फेऱ्यांत पुन्हा ६४ वर आले की पावलाच्या दोन्ही बाजूंना त्रिकोणी कळ्या दिसू लागतात.

दुसऱ्या प्रकारात केवळ अपुऱ्या ओळींनी टाच घडवतात. तीत कळी नसते व उंच घोट्याच्या पायाला ती आवळते. तिसऱ्यात सरळ नळी विणून टाचेच्या जागी नंतर आडवी फट उघडतात आणि तेथे टोपीसारखी टाच बसवतात. ती झिजल्यास तेवढीच काढून नवी घालता येते, म्हणून पूर्वभूमध्य प्रदेशात व बाल्कन भागात या रीतीची पसंती दिसते.

चवडा संपण्याआधी सु. ५ सेंमी. उरले की दोन्ही बाजूंना टाके कमी करत जातात. शेवटचे टाके सुईत धागा ओवून वीण न तुटल्याप्रमाणे जोडतात. या जोडाला इंग्रजीत ब्रिटनचे युद्धमंत्री लॉर्ड किचनर यांचे नाव मिळाले असून पहिल्या महायुद्धात सैनिकांच्या बोटांना शिवण टोचू नये म्हणून त्यांनी तो सुचवला, असे सांगतात. कथेला समकालीन आधार भक्कम नाही. तंत्र त्यांच्याआधीचे असावे.

घरगुती उत्पादन : सोळाव्या शतकापासून इंग्लंडमध्ये विणलेल्या मोज्यांचा मोठा व्यापार होता. १५८९ मध्ये विल्यम ली यांनी मोजे विणण्याचे यंत्र तयार केले. हातविणीवर जगणाऱ्यांचा रोजगार जाईल या भीतीने एलिझाबेथ राणीने त्यांना एकाधिकार नाकारला, ही परंपरागत कथा आहे. यंत्र पसरत गेले तरी दुर्गम डोंगराळ भागांत हातविणीची मिळकत आणखी दोन शतके टिकली. यॉर्कशरच्या डेल्स भागात पुरुष, स्त्रिया व मुले सारेच विणत. कमरेच्या पट्ट्यात खोचलेल्या लाकडी दांडीत एक सुई रोवली की तिचा भार हातावर येत नसे आणि चालतानाही विणता येई. हिवाळ्याच्या रात्री शेजारी पाळीपाळीने एकाच घरी जमत. त्यात एका घराचे सरपण व दिवा सर्वांना पुरे. फ्रान्सच्या लांद भागातील मेंढपाळ दलदलीत उंच काठ्यांवर चढून मेंढ्यांवर नजर ठेवीत आणि मोजे विणीत. आइसलँडमध्ये तर मोजे निर्यातीचा माल होते. तेथील क्वोल्दवाका या हिवाळी संध्याकाळच्या रिवाजात सारे कुटुंब निजण्याच्या सामाईक खोलीत आपापल्या खाटेवर बसून लोकर पिंजी, कातत व विणत असे, आणि एकजण मोठ्याने सागा (जुन्या गद्य वीरकथा) वाचे किंवा पद्यकथा म्हणे.

मोजा घरातल्या गडबडीत का टिकला, हे त्याच्या रचनेवरून कळते. स्वेटरची पाठ मांडीभर पसरते. मोजा मुठीत मावतो व कुठेही खाली ठेवता येतो. नळीच्या व पावलाच्या फेऱ्यांना मोजणी लागत नाही, त्या गप्पा मारताना, मुलाचा अभ्यास घेताना होतात. टाच वळवणे मात्र बहुतेकजणी सगळे निजल्यावर करतात. मध्येच उठायचे झाल्यास हातातली सुई पुरी विणून उठण्याची शिस्त आहे, कारण अर्ध्या सुईवरचे टाके सहज ओघळतात. लडीचा गुंडा करताना ती दोन्ही हातांवर ताणून धरण्याचे काम मुलांकडे येते, आणि लांबीचे माप झोपलेल्या मुलाच्या तळव्याला मोजा लावून घेतात. एक मोजा झाल्यावर दुसरा रेंगाळतो ही तक्रार सार्वत्रिक आहे. लांब दोरीच्या गोल सुईवर दोन्ही एकदम विणण्याची युक्ती त्यावरच निघाली असावी.

धागा व दुरुस्ती : लोकर आपल्या वजनाच्या सु. तीस टक्के ओल शोषूनही ओली लागत नाही, म्हणून थंडीत सुतापेक्षा तीच बरी. शुद्ध लोकर टाचेला लवकर झिजते. सध्याच्या मोज्यांच्या धाग्यात बहुधा ७५ टक्के लोकर व २५ टक्के नायलॉन असते आणि १०० ग्रॅममध्ये सु. ४०० मी. धागा भरतो. गरम पाण्यात चोळून धुतल्यास प्रक्रिया न केलेली लोकर आटते. भोक पडण्याआधी, वीण विरळ दिसू लागताच रफू करतात. त्यासाठी टाचेत लाकडी गोळा घालून वीण ताणून धरतात. झीज फार झाली असेल तर पोटरीचा भाग तसाच ठेवून घोट्याखालचे उसवतात आणि टाके उचलून नवे पाऊल विणतात.