78 फेऱ्यांच्या (मिनिटाला 78 वेळा फिरणाऱ्या) जुन्या रेकॉर्डी डिजिटल फाइलमध्ये उतरवण्यासाठी आमच्याकडे आणण्यापूर्वी

पहिली आणि कळकळीची विनंती: रेकॉर्ड स्पिरिटने पुसू नका. 78 फेऱ्यांच्या बहुतेक तबकड्या लाखेच्या असतात आणि स्पिरिटमध्ये लाख विरघळते. कोलनवॉटर आणि सॅनिटायझरही टाळा. वरवरची धूळ मऊ ब्रशने, खाचांच्या दिशेने झटका, बाकीचं आमच्यावर सोडा. आणताना तबकड्या उभ्या ठेवा. एकावर एक रचल्या तर खालच्या तडकतात.

आमच्याकडे येणाऱ्या कितीतरी रेकॉर्डी दोन महायुद्धांच्या मधल्या मुंबईतल्या घरांमधून येतात. या शहरात तेव्हा काय काय वाजत होतं, हे माहीत असेल तर आपल्या पेटीत काय पडलंय याचा अंदाज येतो. 8 जुलै 1921 ला बालीवाला थिएटरमध्ये टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ झालं, म्हणजे दोन नाटक मंडळ्यांनी मिळून केलेला ‘मानापमान’ या संगीत नाटकाचा प्रयोग. नायक धैर्यधर झाले केशवराव भोसले, नायिका भामिनी झाले बालगंधर्व. तीनच महिन्यांत केशवराव गेले. 1925 मध्ये प्रा. बी. आर. देवधरांनी संगीत विद्यालय काढलं. पुढे ऑपेरा हाउसजवळच्या त्या जागेत बाहेरगावच्या उस्तादांच्या बैठका होऊ लागल्या. 23 जुलै 1927 ला मुंबई रेडिओ केंद्र सुरू झालं, आणि तिकीट न काढताही गाणं घरी येऊ लागलं.

याच शहराच्या दुसऱ्या टोकाला, ताजमहाल हॉटेलात, 1935 च्या सुमारास लिऑन ॲबी हे अमेरिकन कृष्णवर्णीय व्हायोलिनवादक आपला जॅझ बँड घेऊन आले. ट्रम्पेटवादक क्रिकेट स्मिथ आणि पियानोवादक टेडी वेदरफोर्ड यांनीही इथे जम बसवला. त्यांच्या आसपास वाजवणारे आणि त्यांच्याकडून शिकणारे पुष्कळ जण गोव्याचे होते. गावच्या चर्चच्या शाळेत मेस्त्रींकडून (संगीतशिक्षकांकडून) स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकून आलेल्या या मुलांना कोणतंही नोटेशन समोर ठेवलं की वाजवता येई. त्यांच्यातलेच ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट पुढे सी. रामचंद्रांच्या वाद्यवृंदात आले. त्यामुळे लेबलवर ‘फॉक्सट्रॉट’, ‘वॉल्ट्झ’ किंवा ‘टँगो’ अशी जोडीनृत्याची नावं छापलेली तबकडी ‘ही इंग्रजी, आमच्या काय कामाची’ म्हणून भंगारात देऊ नका. क्रिकेट स्मिथ यांच्या बँडने 1936 मध्ये मुंबईतच रेकॉर्डिंग केलं होतं. तशी एखादी तुमच्याकडे निघाली तर आम्हाला फार आनंद होईल. 1 ऑगस्ट 1939 ला मुंबईत दारूबंदी आली, महिन्याभरात महायुद्ध पेटलं, आणि नाचांच्या त्या रात्रींचा नूर पालटला.

आता ऐकण्याविषयी. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला साधारण तीन मिनिटं मावतात, बारा इंचीला चार-साडेचार. बैठकीत तास-तास चालणारा ख्याल गवय्याला तेवढ्यात बसवावा लागे. म्हणून आलाप मोजका असतो आणि ताना लवकर सुरू होतात. ‘आजोबा तर सांगायचे, अब्दुल करीम खाँसाहेब एकेका सुरावर किती वेळ थांबत’ असं ग्राहक म्हणतात. आजोबांचं खरंच आहे, त्यांनी समोर बसून ऐकलं होतं. विसाच्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत आपल्याकडे बरंचसं रेकॉर्डिंग मायक्रोफोनशिवाय, भोंग्यासमोर गाऊन होई. त्यात गळा नीट उमटतो, पण तबला आणि तंबोरा मागे राहतात. मायक्रोफोन आल्यावर साथही ऐकू येऊ लागली.

जुन्या तबकड्या सगळ्याच नेमक्या 78 फेऱ्यांच्या नसतात. 74 ला घेतलेली 78 ने वाजवली की सूर जवळपास अर्ध्या सुराने चढतो. काळी एक या पट्टीत गाणारा गवई त्याच्या लगतच्या वरच्या, पांढरी दोन या पट्टीत ऐकू येतो, गळा बारीक होतो आणि तानांची धावपळ वाटते. आम्ही त्याच गायकाच्या इतर रेकॉर्डी आणि बाजाची पेटी समोर ठेवून फेरे ठरवतो. याला वेळ लागतो, म्हणून घाई करू नये ही विनंती.

खरखर पूर्ण काढून द्या, असा आग्रह बरेच जण धरतात. तो आम्ही मानत नाही. खरखर आणि तंबोऱ्याची जवारी (तारांचा झणकारता गुंजारव) आवाजाच्या एकाच पट्ट्यात मिसळलेली असतात. एक खरवडून काढली की दुसरीही जाते आणि गाणं कोरडं पडतं. टिकटिक आणि ओरखडे आम्ही काढतो, बाकी खरखर थोडी दबवतो. न छेडलेली मूळ प्रत वेगळी देतो, तिचे जादा पैसे नाहीत.

एलपीच्या (नंतरच्या काळातल्या, 33 फेऱ्यांच्या रेकॉर्डींच्या) सुईने या रेकॉर्डी वाजवू नका. 78 ची खाच रुंद असते, बारीक सुई तळाशी जाऊन घासते. जुन्या चावीच्या फोनोवर (ग्रामोफोनवर) वाजवत असाल तर पोलादी सुई दर बाजूला बदला.

रेकॉर्डीसोबत कव्हरं आणाच. कव्हरात घडी करून ठेवलेली जाहिरात, नाटकाचं हस्तपत्रक, तिकिटाचा तुकडा असेल तर तोही. लेबलवर तारीख क्वचितच असते, अशा कागदावरून काळ ठरवायला मदत होते. कोण कुणाच्या घरी बसून ऐकायचं, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून लिहून आणलंत तर आम्ही ते फाइलसोबत जोडून देतो.

तबकडी तुटलेली असेल तरी तुकडे टाकू नका आणि त्यांना चिकटपट्टी किंवा फेविक्विक लावू नका. सगळे तुकडे वेगवेगळ्या कागदांत गुंडाळून आणा. कडा शाबूत असतील तर जुळवून एकदा वाजवता येतात, आणि आम्हाला तेवढं एकदाच पुरतं.