दुपारचं ऊन रात्री नऊला घरात येतं

एप्रिल आला की "आता नाशकात पण एसीशिवाय पर्याय नाही" हे सगळीकडे ऐकू येतं. मला ते अजिबात पटत नाही. आपलं शहर समुद्रसपाटीपासून जवळपास 600 मीटर उंचीवर आहे, दुपारी पारा 38-40 ला टेकला तरी पहाटेपर्यंत तो बऱ्याचदा 20-22 वर उतरतो. बाहेर एवढी गार हवा असताना टॉप फ्लोअरवाली माणसं मात्र रात्री अकरा वाजता फॅन फुल करून घामाघूम पडलेली असतात, असं का होतं?

कारण उष्णता स्लॅबमधून हळूहळू चालत येते. गच्चीचा वरचा थर तापतो, तो खालच्या थराला देतो, तो त्याच्या खालच्याला, आणि प्रत्येक थर देण्याआधी थोडी स्वतःकडे ठेवतो, त्यामुळे उशीर होतो. पाच इंची स्लॅबला साधारण तीन तास लागतात, वर वॉटरप्रूफिंगचा ब्रिकबॅट कोबा (विटांचे तुकडे आणि सिमेंटचा थर) असेल तर मिळून सहाएक तास. म्हणजे दोन वाजता गच्ची सगळ्यात जास्त तापली तर खालचं छत सगळ्यात गरम होतं रात्री आठ-नऊला, आपण जेवून आडवे व्हायच्या वेळेला!

यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट अशी की जाडी दुप्पट केली की उशीर दुप्पट होतो, पण तापमानाचा चढउतार फक्त निम्मा होऊन थांबत नाही. समजा विटामातीच्या चार इंची थरातून 40 टक्के चढउतार पलीकडे पोचतो, तर दोन थरांतून 40 चे 40 टक्के म्हणजे 16, तीन थरांतून 6 च्या आसपास. जुन्या नाशकातल्या, पंचवटीतल्या वाड्यांच्या दीड-दोन फुटी भिंती आठवा, तिथे दुपारची लाट आत पोचेपर्यंत बारा तास उलटून जातात आणि तिच्यात काही दम राहिलेला नसतो. आपला स्लॅब नेमका मधल्या जाडीचा, उष्णता अडवायला कमी आणि साठवायला भरपूर.

आणि छत 42 डिग्रीला गेलं की ते दर चौरस मीटरला सुमारे 560 वॅट इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्यांना न दिसणारी उष्णतेची किरणं, खाली फेकतं, 30 डिग्रीचं छत 480. आपली त्वचा 34 च्या आसपास, तीही साधारण 500 वॅट फेकत असते. म्हणजे छत 30 ला असेल तर अंगातली उष्णता त्याला जाते, 42 ला असेल तर उलट तेच आपल्याला भाजतं आणि ही किरणं फॅनच्या वाऱ्याने थोडीच अडतात.

संध्याकाळी गच्चीवर दोन बादल्या पाणी मारायची पद्धत आहे. पण हजार स्क्वेअर फुटांचा पाच इंची स्लॅब म्हणजे 28 टन वजन, तो 10 डिग्री उतरवायला 100 लिटर पाणी पूर्ण वाफ होऊन जावं लागतं, पाइपातून वाहून गेलेलं धरायचं नाही. शिवाय दुपारची उष्णता तोवर आत शिरून खाली निघालेली असते. तिला दुपारीच आणि वरच अडवायला हवं.

म्हणून पांढरी गच्ची. नवीन पांढरा कोट किंवा पांढऱ्या टाइल्सच्या तुकड्यांचं चायना मोझॅक 70 टक्क्यांच्या वर ऊन परत पाठवतं, विटकरी रंगाचा वॉटरप्रूफिंग कोट त्यातलं बरंचसं गिळतो. तेलंगणाने 2023 मध्ये कूल रूफ पॉलिसीच काढली, आपल्याकडे निदान सोसायटीच्या मीटिंगमध्ये तरी हा विषय यावा. मात्र "नॅनो पेंट, तापमान 15 डिग्री कमी" असल्या जाहिरातींना भुलू नका, तो आकडा गच्चीच्या पृष्ठभागाचा असतो, खोलीच्या हवेत फरक साधारण 2 ते 5 डिग्री पडतो. धूळ बसली की तोही घटतो, त्यामुळे होळीच्या आधी गच्ची घासून धुवायची. नर्सरीवाले वापरतात ती हिरवी शेडनेट सहा-सात फूट उंचीवर बांधली तरी चालतं, फक्त वळवाच्या वाऱ्यात टिकेल अशी घट्ट बांधा.

मधल्या मजल्यांचा प्रश्न वेगळा. 20 मेच्या आसपास नाशिकला भर दुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो, त्यामुळे त्या दिवसांत दक्षिणेच्या भिंतीला फारसं ऊन लागत नाही, खरा मार पश्चिमेकडून बसतो. त्यासाठी वास्तुवाल्याच्या सांगण्यावरून नैऋत्येला पिरॅमिड ठेवून काहीही होणार नाही, ऊन अडवते ती खिडकीच्या बाहेर सोडलेली बांबूची चिक. बाहेरच हवी हं, आतला पडदा काचेतून आलेल्या उन्हाने स्वतः तापतो आणि ती उष्णता खोलीतच सोडतो.

आणि गार पहाट फुकट मिळतेय ती वापरा. सकाळी आठला खिडक्या बंद, रात्री बाहेरची हवा आतल्यापेक्षा गार झाली की सगळ्या उघड्या, मच्छरजाळी लावून. जिन्याचं गच्चीकडचं दारही रात्री उघडं हवं, गरम हवा जिन्यातून वर निघून जाते आणि खालच्या खिडक्यांतून गार हवा आत ओढली जाते. चोरांची भीती वाटत असेल तर तिथे लोखंडी जाळीचं दार बसवून कुलूप घाला, हवा जाळीतूनही जाते.