ध्वनिलेखन आणि कर्णबधिरांचा संवाद

बोलण्यातले ध्वनी चिन्हांनी कागदावर उतरवणे म्हणजे ध्वनिलेखन. बेळगाव, खानापूर, निपाणी या सीमाभागात देवनागरी आणि कन्नड या लिप्या शेजारीशेजारी नांदतात, त्यामुळे लिपी काय टिपते आणि काय सोडून देते हे तेथे सहज लक्षात येते. ‘जरा’ म्हणजे थोडे आणि ‘जरा’ म्हणजे म्हातारपण. पहिल्यातला ‘ज’ दंततालव्य (जीभ दातांजवळ), दुसऱ्यातला तालव्य (जीभ टाळूला), पण देवनागरीत अक्षर एकच. उलट कन्नडमध्ये ऱ्हस्व आणि दीर्घ ‘ए’ वेगळे लिहितात. २०१४ साली अधिकृत झालेल्या ‘बेळगावी’ या नावातला पहिला स्वर कन्नडमध्ये ऱ्हस्व आहे, आणि नेहमीच्या मराठी लेखनात तो दाखवण्याची सोय नाही. एका ध्वनीला एकच चिन्ह असावे, या तत्त्वावर आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपी उभी आहे; ती १८८८ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाली.

ज्याला ऐकू येत नाही त्याच्यापुढे अडचण निराळी असते. ‘पाल’, ‘बाल’ आणि ‘माल’ हे शब्द आरशासमोर आवाज न काढता उच्चारून पाहावेत: ओठ तिन्ही वेळा सारखेच मिटतात. ‘ब’चा घोष, म्हणजे कंठातला कंप, गळ्यावर हात ठेवला तर जाणवतो, ‘म’चा नाद नाकपुडीवर बोट ठेवल्यास कळतो, आणि वाचा-प्रशिक्षणात मुलांना हेच स्पर्शाने शिकवतात, मात्र समोरच्या माणसाच्या ओठांवरून त्यांतला फरक कळत नाही, तेथे संदर्भावरच भिस्त ठेवावी लागते. अलेक्झांडर मेलव्हिल बेल यांनी १८६७ मध्ये मांडलेल्या ‘दृश्य वाणी’त जीभ, ओठ व कंठ यांच्या स्थिती चिन्हांनी दाखवल्या होत्या, आणि त्यांचे पुत्र अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी ती पद्धत बधिर मुलांना बोलणे शिकवण्यासाठी वापरली. बधिरांच्या शिक्षणाविषयी १८८० मध्ये भरलेल्या मिलान परिषदेने शाळांतून हातांच्या खुणा हद्दपार करण्याचा ठराव केला. त्याचे नुकसान कित्येक पिढ्यांनी सोसले.

सांकेतिक भाषा म्हणजे हातवाऱ्यांनी केलेली मराठी किंवा कन्नड नव्हे. तिचे व्याकरण स्वतंत्र आहे. म्हणूनच मराठी घरातला आणि कन्नड घरातला कर्णबधिर मुलगा, दोघेही भारतीय सांकेतिक भाषा शिकलेले असल्यास, दुभाष्याविना बोलू शकतात. त्यांच्या आयांना मात्र एकमेकींची भाषा यावी लागते. या भाषेत विशेषनामे अनेकदा दोन्ही हातांच्या रोमन मुळाक्षरांनी मांडतात, तेव्हा ‘बेळगाव’ की ‘बेळगावी’ हा प्रश्न हातांपुढेही उभा राहतोच.