उंदीर कमी करणं आणि उंदीर संपवणं

‘बेटावरचे ९९ टक्के उंदीर मारले, म्हणजे मोहीम जवळजवळ फत्ते’ अशी वाक्यं पुन्हा पुन्हा वाचून आता वीट आलाय. नियंत्रण थोडं नेटानं केलं की उच्चाटन होतं, असं नसतं. ही दोन निराळी कामं आहेत.

नियंत्रण सगळ्यांनाच माहीत आहे. पिंजरे लावा, विष ठेवा, उंदीर वाढले की पुन्हा तेच. बेटावरच्या पक्ष्यांच्या विणीच्या हंगामात घरट्यांभोवती एवढं केलं तरी उंदरांपासून पक्ष्यांची बरीच पिल्लं वाचतात. थांबलात की उंदीर परत.

उच्चाटनात टक्क्यांना अर्थच नाही. पॅसिफिकमधल्या हेंडरसन बेटावर २०११ मध्ये हेलिकॉप्टरनं विषारी गोळ्या टाकल्या. हजारोंपैकी अंदाजे ६० ते ८० उंदीर जगले आणि काही वर्षांत बेट पुन्हा भरलं. उंदराची मादी तीनेक आठवड्यांत विते, पिल्लं दोन-तीन महिन्यांत वयात येतात. नियंत्रण म्हणून हेंडरसनचा आकडा अफलातून. उच्चाटन म्हणून साफ अपयश.

म्हणून इथे सगळी आखणी शेवटच्या उंदरासाठी असते. एकाही उंदराचा टापू सुटू नये म्हणून हेलिकॉप्टरच्या फेऱ्यांचे पट्टे एकमेकांवर चढवतात. ब्रोडिफॅकम हे विष वापरतात, कारण त्याचा परिणाम काही दिवसांनी दिसतो. खाल्ल्या खाल्ल्या त्रास झाला तर उंदीर त्या गोळीला पुन्हा तोंड लावत नाही. काही आठवड्यांनी दुसरी फेरी, पहिल्या वेळी बिळात अंगावर पिणाऱ्या पिल्लांसाठी.

एकटा उंदीर किती छळतो? न्यूझीलंडमध्ये संशोधकांनी रेडिओ कॉलर घातलेला एक नर उंदीर, एकही उंदीर नसलेल्या बेटावर मुद्दाम सोडला. पिंजरे चुकवत तो ४०० मीटर पोहून शेजारच्या बेटावर गेला. १८ आठवड्यांनी पेंग्विनच्या मांसाला भुलून सापडला.

‘मांजरं सोडा’ हा सल्ला कृपा करून देऊ नका. मांजर उंदीर संपवत नाही, वर पक्षीही खाते.

रोज मालाच्या बोटी लागतात आणि धक्क्यावर तपासणी होत नाही, अशा बेटावर बोटीतून नवा उंदीर कधीही उतरू शकतो; तिथे मी घरट्यांभोवतीचं कायमचं नियंत्रणच निवडेन. तपासणी शक्य असेल तर मात्र उच्चाटनच. न्यूझीलंडच्या कॅम्पबेल बेटावर २००१ मध्ये ते झालं. उडता न येणारी तिथली बदकं २००४ मध्ये माणसांनी परत नेली. पाणलावा पक्ष्याची तिथली जात मात्र शेजारच्या लहानशा बेटावरून आपली आपणच परतली.