नीतिशास्त्रीय उपपत्ती आणि नैतिक निर्णय

एखादे कृत्य योग्य की अयोग्य, आणि ते तसे का, या दोन प्रश्नांना सुसंगत उत्तर देणारी विचारपद्धती म्हणजे नीतिशास्त्रीय उपपत्ती. पहिल्या प्रश्नाचे उत्तर रूढी, कायदा, धर्मग्रंथ किंवा घरातली वडीलधारी माणसेही देतात. ‘का’ असे विचारले की मात्र उपपत्ती लागते. पाश्चात्त्य तत्त्वज्ञानात परिणामवाद, कर्तव्यवाद आणि सद्‌गुणवाद या तीन मुख्य उपपत्ती मानल्या जातात. सामाजिक करारवाद आणि काळजीची नीती यांचीही भर त्यांत पडली आहे. भारतीय परंपरेत हाच विचार साधारण धर्म (सर्वांना सारखीच लागू असणारी कर्तव्ये), आपद्धर्म (संकटकाळी चालणारे वर्तन), शील, अहिंसा, निष्काम कर्म अशा संकल्पनांतून झाला.

उपपत्तीकडून नेमके काय मिळते, याचे सर्वांत स्पष्ट उत्तर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली जातिसंस्थेच्या निर्मूलनावर लिहिलेल्या, पण प्रत्यक्ष होऊ न शकलेल्या भाषणात दिले. नियम आणि तत्त्व या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, असे त्यांचे म्हणणे. नियम अमुक करा, तमुक करू नका असे सांगतो आणि माणूस सवयीने तो पाळतो. तत्त्व कृती ठरवून देत नाही. कृती पारखण्याची रीत देते. तत्त्वानुसार केलेली कृती चुकीचीही ठरू शकते, पण ती जाणतेपणी केलेली असते आणि तिची जबाबदारी करणाऱ्यावर राहते. ही नोंद उपपत्तींकडे याच अर्थाने, म्हणजे तत्त्वे म्हणून पाहते. त्यासाठी बडोद्याचा आधार घेतला आहे, कारण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या शहरात घडलेल्या काही गोष्टींत उपपत्तींची खरी कसोटी लागते.

बडोदे, १९१७

४ जून १९१३ रोजी आंबेडकरांनी बडोदे संस्थानाशी करार केला. महाराजा सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांच्या शिष्यवृत्तीवर ते अमेरिकेत शिकणार आणि परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करणार, असा तो करार. कोलंबिया विद्यापीठ आणि लंडन येथील शिक्षणानंतर १९१७ मध्ये ते बडोद्याला आले व अकौंटंट जनरलच्या कचेरीत रुजू झाले. नोकरी होती, पण राहायला जागा नव्हती. हिंदू हॉटेलात अस्पृश्याला प्रवेश मिळण्यासारखा नव्हता. शेवटी एका पारशी धर्मशाळेच्या रखवालदाराने पारशी नावाने नोंद करून त्यांना ठेवून घेतले. अकराव्या दिवशी हातात काठ्या घेतलेला पारशी मंडळींचा जमाव दाराशी आला आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याची ताकीद देऊन गेला. सरकारी बंगल्यासाठी केलेल्या अर्जाचा निकाल अजून लागायचा होता. शहरातल्या एका हिंदू मित्राकडे गेले, तर तू आलास तर माझे नोकर निघून जातील असे त्याने सांगितले. दुसरा मित्र ख्रिस्ती होता. बायकोला विचारून सांगतो, म्हणाला. शेवटी नोकरी सोडून मुंबईला परतायचे आंबेडकरांनी ठरवले. गाडी रात्री नऊची होती. मधले पाच तास त्यांनी कामाठी बागेत, म्हणजे आजच्या सयाजीबागेत काढले. ती जागा आज संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते.

या प्रसंगाची वेदना कोणत्याही विश्लेषणाने कमी होत नाही, आणि ती कमी व्हावी असा इथे हेतूही नाही. पण त्यात गुंतलेले प्रत्येक माणूस कोणता ना कोणता नैतिक निर्णय घेत होते, आणि तो तपासला पाहिजे.

आधी कराराचे पाहू. दिलेला शब्द पाळावा, हे कर्तव्यवादाचे मूळ पीठ. इमॅन्युएल कांट (१७२४–१८०४) याने १७८५ मध्ये मांडलेली कसोटी अशी : ज्या सूत्राने तू वागतो आहेस ते सर्वांसाठी नियम व्हावे, अशी इच्छा तुला धरता येईल का? गैरसोय झाली की वचन मोडावे, हे सर्वांचे सूत्र झाले तर वचनाला अर्थच उरणार नाही. म्हणून ते अयोग्य. या कसोटीवर दहा वर्षांचा करार सोडून जाणे गैर दिसते. पण त्याच कांटची दुसरी मांडणी माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये, त्याला स्वतः साध्य मानावे असे सांगते, आणि हे स्वतःलाही लागू असते. ज्या शहरात अंग टेकायला जागा मिळत नाही तिथे नोकरी करीत राहणे म्हणजे स्वतःची प्रतिष्ठा स्वतःच मोडू देणे. एकाच उपपत्तीची दोन सूत्रे इथे दोन दिशांना ओढतात.

यावर डब्ल्यू. डी. रॉस याने १९३० मध्ये सुचवलेला मार्ग उपयोगी पडतो. वचनपालन, कृतज्ञता, भरपाई, न्याय, परोपकार, आत्मोन्नती आणि कोणाला इजा न करणे ही सारी कर्तव्ये प्रथमदर्शनी बंधनकारक असतात. प्रत्यक्ष प्रसंगात कोणते वरचढ ठरते ते तारतम्याने ठरवावे लागते. रॉसने तारतम्याचे गणित दिले नाही, म्हणून त्याच्यावर टीका होते. ही टीका फारशी लागू पडत नाही. गणित दिले असते तर तत्त्वाचा पुन्हा नियम झाला असता. शिवाय वरचढ न ठरलेले कर्तव्य रॉसच्या मते नाहीसे होत नाही, मागे देणे म्हणून उरते.

खोट्या नावाचा प्रश्न

धर्मशाळेतली नोंद खोटी होती, ही गोष्ट आंबेडकरांनी आपल्या आठवणींत लपवलेली नाही. असे खोटे चालेल का? कांटने १७९७ च्या एका निबंधात टोकाची भूमिका घेतली : पाठलाग करणाऱ्या खुन्याने तुमच्या घरात लपलेल्या मित्राचा ठावठिकाणा विचारला, तरी खोटे बोलू नये. महाभारताच्या कर्णपर्वात नेमकी हीच परिस्थिती आहे आणि निकाल उलट आहे. सत्य बोलण्याचे व्रत घेतलेला कौशिक नावाचा तपस्वी लुटारूंना लपलेल्या माणसांचा रस्ता खरा सांगतो. माणसे मारली जातात आणि कौशिक नरकात जातो. ही कथा श्रीकृष्ण अर्जुनाला सांगतो तो प्रसंगही लक्षात घेण्याजोगा आहे. तुझे गांडीव धनुष्य दुसऱ्याला दे असे म्हणणाऱ्याला मारीन, अशी अर्जुनाची प्रतिज्ञा असते. युधिष्ठिर रागाच्या भरात तेच म्हणतो आणि अर्जुन भावावर तलवार उपसतो. प्रतिज्ञा म्हणजे धर्म नव्हे, धर्म कशासाठी आहे ते पाहा, हे त्याला तिथे शिकवले जाते. बडोद्याच्या कीर्तिमंदिरात, म्हणजे गायकवाड राजघराण्याच्या स्मारकात, चित्रकार नंदलाल बोस यांनी महाभारतातले युद्ध भिंतीवर रंगवले आहे. त्या युद्धातल्या नैतिक पेचांची चर्चा मराठी घरांत कीर्तन-पुराणांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आली, आणि सामान्य माणसाचे नीतिशास्त्र बहुतांशी तिथेच घडले.

पारशी नावाच्या नोंदीने कोणाचेही नुकसान झाले नाही. ज्या नियमाला चुकवण्यासाठी ती केली तो नियमच माणसाला माणूस न मानणारा होता. सत्य ऐकण्याचा हक्क सर्वांना सारखा असतो का, असा प्रश्न कांटच्याच काळात फ्रेंच लेखक बेंजामिन कॉन्स्टंट याने विचारला होता. १९१७ च्या बडोद्यात त्याचे उत्तर नकारार्थी देणे भाग आहे, असे या नोंदीचे मत आहे.

मित्रांचा हिशेब

हिंदू मित्राचे उत्तर परिणामवादी होते. कृत्याची किंमत त्याच्या परिणामांवरून ठरते, हे या उपपत्तीचे सूत्र. जेरेमी बेंथम याने १७८९ मध्ये सुखदुःखाची मोजदाद हा नीतीचा पाया मानला. जॉन स्टुअर्ट मिल याने १८६१ मध्ये सुखांचा दर्जाही विचारात घ्यावा अशी दुरुस्ती केली. मित्राने नोकर जाण्याची अडचण मोजली. समोरच्याची रात्र उघड्यावर जाईल, हे त्याच्या हिशेबात आलेच नाही. बेंथमचा दंडक सरळ आहे : प्रत्येकाला एकच धरावे, कोणालाही एकापेक्षा जास्त नाही. तेव्हा इथे चुकला तो परिणामवाद नव्हे. त्याच्या नावाखाली फक्त स्वतःच्या घराचा हिशेब झाला. नैतिक निर्णयातली ही बहुधा सर्वांत नेहमीची चूक आहे, आणि ती करणारी माणसे अनेकदा चांगली, सुशिक्षित असतात.

सद्‌गुणवाद इथे वेगळेच विचारतो : असे वागणारा माणूस कसा आहे? ॲरिस्टॉटलच्या मते धैर्य हे भ्याडपणा आणि अविचारी धाडस यांच्या मधले असते आणि ते सवयीने अंगी येते. दोन्ही मित्रांना आंबेडकरांबद्दल आस्था होती. धैर्याची सवय नव्हती. ही उपपत्ती आधुनिक काळात मागे पडली होती. एलिझाबेथ अँस्कम यांचा १९५८ चा लेख आणि ॲलस्डेर मॅकिंटायर यांचे १९८१ चे लेखन यांनी ती पुन्हा चर्चेत आणली.

सक्तीचे शिक्षण

आता राज्यकर्त्याचा निर्णय. सयाजीरावांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो संस्थानभर लागू केला. मुलांसाठी ७ ते १२ आणि मुलींसाठी ७ ते १० ही वयाची मर्यादा होती. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकांना दंड होता. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात शिक्षणाचे विधेयक मांडले, तेव्हा बडोद्याचे उदाहरण त्यांच्यापुढे होते.

उपयुक्ततावादी दृष्टीने, म्हणजे बेंथम-मिल यांच्या परिणामवादाने पाहिले तर, हा निर्णय सहज समर्थनीय आहे. शिकलेल्या पिढीचा लाभ दंडाच्या त्रासाहून कितीतरी मोठा. पण शेतावर राखणीला लागणारे पोर शाळेत गेले की गरीब कुटुंबाची मिळकत घटते, वर दंड. तोटा नेमका सर्वांत गरिबाच्या वाट्याला येतो. बेरीज चांगली असली तरी वाटणी कशी आहे, हा प्रश्न उपयुक्ततावाद पुरेशा गांभीर्याने विचारत नाही, ही त्याच्यावरची मुख्य टीका. जॉन रॉल्स यांनी १९७१ मध्ये हाच मुद्दा पुढे नेला. आपण समाजात कोणत्या जागी जन्मणार हे ठाऊक नसताना जे नियम आपण मान्य करू ते न्याय्य, असे त्यांचे म्हणणे. अशा अज्ञानाच्या पडद्याआडून पाहिले तर सक्ती मान्य होईल, पण दंडाऐवजी मदतीची अट कोणीही घालील. आणि मुलींची वर्षे कमी ठेवायला, आपण मुलगी म्हणून जन्मू शकतो हे जाणणारे कोणीही तयार होणार नाही.

१९०४ चा बालविवाह प्रतिबंधक कायदा आणि अंत्यजांसाठी (अस्पृश्यांसाठी) काढलेल्या शाळा यांनाही हीच पारख लावता येते. सवर्ण शिक्षक त्या शाळांत शिकवायला तयार होईनात, म्हणून १९०८ मध्ये आर्यसमाजी पंडित आत्माराम यांना बोलावून घ्यावे लागले. कायदा करणे हा एक निर्णय. तो राबवणाऱ्या शेकडो माणसांचा रोजचा निर्णय ही निराळी गोष्ट. ज्या राज्याने शिष्यवृत्ती दिली त्याच राज्याच्या राजधानीत शिष्यवृत्तीधारकाला खोली मिळू नये, यामागे हेच अंतर आहे.

मराठीतील मांडणी

बडोद्यात हे घडत होते त्याच सुमारास, १९१५ मध्ये, लोकमान्य टिळकांचे ‘गीतारहस्य’ प्रसिद्ध झाले. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या या ग्रंथात बेंथम, मिल, स्पेन्सर, कांट, ग्रीन यांच्या मतांची गीतेशी तुलना आहे आणि उपयुक्ततावादाची सविस्तर समीक्षा आहे. एका अमेरिकन शहरात ट्रामची परवानगी लवकर मिळावी म्हणून दिलेल्या लाचेचे उदाहरण टिळक देतात : सोय सर्वांची झाली, तरी लाच ती लाचच. कर्त्याची बुद्धी पाहिल्याशिवाय कर्माची नीतिमत्ता ठरत नाही, हा त्यांचा निष्कर्ष. तो कांटच्या जवळ जातो, पण त्याचा आधार आत्मौपम्य, म्हणजे इतरांना स्वतःसारखेच मानणे, हा आहे. आंबेडकर पुढे बुद्धाच्या धम्माकडे गेले आणि धम्मात ईश्वराची जागा नीतीने घेतली आहे, असे त्यांनी मांडले. दोघांच्या वाटा फार वेगळ्या आहेत. नीती ही केवळ आज्ञापालन नाही, एवढे दोघेही मानतात.

पूर आणि मगरी

आजच्या बडोद्यात उपपत्तींची गरज सर्वांत उघडपणे भासते ती पावसाळ्यात. सयाजीरावांच्या काळी पाणीपुरवठ्यासाठी बांधलेला आजवा तलाव भरून वाहू लागला की पाणी विश्वामित्री नदीत येते आणि नदी शहरात शिरते. ऑगस्ट २०२४ मध्ये असाच मोठा पूर आला. पाणी अडवावे तर धरणाला धोका, सोडावे तर काठच्या सखल वस्त्या बुडतात. फिलिपा फुट यांनी १९६७ मध्ये सुटलेल्या ट्रामचा जो कल्पित पेच मांडला (पाच जणांना वाचवण्यासाठी ती एकाच्या अंगावर वळवावी का?), त्याचे हे खरेखुरे रूप आहे. फरक इतकाच की काल्पनिक पेचात क्षणभराचा निर्णय असतो. इथे नदीपात्रात बांधकामाला परवानगी देणे, नाले बुजवणे असे अनेक वर्षांचे निर्णय त्याच्यामागे उभे असतात.

विश्वामित्रीत मगरी आहेत. पुराच्या पाण्याबरोबर त्या गल्ल्यांत, आवारांत येतात, आणि वनखात्याची माणसे व स्वयंसेवक त्यांना पकडून पुन्हा पाण्यात सोडतात. मगरीला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षण आहे. पण कायदा नसता तर तिला मारणे योग्य ठरले असते का? दुःख भोगण्याची क्षमता ज्याला आहे तो नैतिक विचारात आलाच पाहिजे, असे बेंथमने म्हटले होते. जैन व बौद्ध अहिंसाविचार त्याच्या कितीतरी आधी तिथे पोचला होता. कांटच्या मूळ मांडणीत मात्र प्राण्याला थेट स्थान नाही. काळजीची नीती, जी कॅरल गिलिगन (१९८२) आणि नेल नॉडिंग्ज (१९८४) यांनी मांडली, ती सर्वसाधारण तत्त्वांपेक्षा प्रत्यक्ष नात्यातून सुरू होते. नदीकाठी राहणाऱ्या आणि मगरीसह जगायला शिकलेल्या लोकांचे वागणे हिच्या चौकटीत सर्वांत नीट समजते.

पाणी सोडण्याचा निर्णय समजा सर्व बाजूंनी योग्य होता. तरीही ज्यांचे धान्य, अंथरूण, शाळेची पुस्तके वाहून गेली, त्यांचे शहराकडे काही देणे निघते. बर्नर्ड विल्यम्स यांनी दाखवून दिले की योग्य निर्णयानंतरही मागे नैतिक शिल्लक राहते, आणि तिला नुसती हळहळ म्हणून निकालात काढता येत नाही. रॉसच्या यादीत भरपाई हे स्वतंत्र कर्तव्य आहे ते यासाठीच. म्हणून पूरग्रस्त वस्त्यांना मिळणारी मदत ही दया म्हणून मोजायची की देणे म्हणून, यावर तिची रक्कम, तिची मुदत आणि ती मागताना लोकांना किती खेटे घालावे लागतील, हे सारे ठरते.