ओंकारेश्वर : भूरचना व हवामान

ओंकारेश्वर : (मांधाता, शिवपुरी). मध्य प्रदेशातील खंडवा जिल्ह्यात नर्मदेच्या पात्रातील बेट व त्यावरून नाव पडलेले तीर्थक्षेत्राचे गाव. सु. २२° १५′ उ. आणि ७६° ९′ पू. इंदूरहून बडवाह–मोरटक्का मार्गे सु. ७७ किमी. लोकसंख्या सु. १० हजार (२०११). गावाला बेटाचे नाव असले तरी बसस्थानक, बऱ्याचशा धर्मशाळा आणि मोठी वस्ती दक्षिण तीरावर आहे. परंपरेने याचे तीन भाग मानतात : बेटावरची शिवपुरी, दक्षिण तीरावरच्या ब्रह्मपुरी व विष्णुपुरी. या शेवटच्या दोहोंमधून कपिलधारा नावाचा ओहोळ नर्मदेला मिळतो.

बेट पूर्व-पश्चिम लांबट आहे. जुनी गॅझेटियरे त्याचे क्षेत्रफळ पाच-षष्ठांश चौरस मैल, म्हणजे २.२ चौ. किमी.च्या आसपास देतात. अलीकडच्या वर्णनांत २.६ चौ. किमी. असा आकडा आढळतो. पाणी चढले-उतरले की काठ सरकतो, तेव्हा या फरकाला फार महत्त्व देऊ नये. दक्षिण व पूर्व अंगाला सरळ कडे आहेत, उत्तरेकडे उतार त्यामानाने सौम्य. उत्तर-दक्षिण गेलेल्या एका खोल घळीने बेटाचे दोन भाग केले आहेत. पूर्वेकडचा तुकडा साधारण एक-तृतीयांश भरतो. ‘बेटाचा आकार ॐसारखा आहे’ ही समजूत या घळीमुळे आणि काठाच्या वळणांमुळे रूढ झाली असावी. नकाशावर ते अक्षर शोधावेच लागते. खडक हिरवट छटेचे, ठळक थरांचे आणि भोवतालच्या दख्खन ट्रॅपपेक्षा (लाव्हाच्या थरांनी बनलेल्या काळ्या खडकापेक्षा) जुने आहेत. कड्यांतील थर उघडे पडल्याने ते कोटितीर्थ घाटावरूनही मोजता येतात. बेट व दक्षिण तीर यांमधला डोह अरुंद, खोल आणि संथ आहे. त्यातल्या मगरी आणि पायरीवर येऊन दाणे टिपणारे मोठे मासे यांची नोंद एकोणिसाव्या शतकातील वर्णनांत मिळते.

उत्तरेकडच्या फाट्याला ‘कावेरी’ म्हणतात, आणि इथेच मतभेद आहे. याच नावाची, खंडव्याकडून येणारी नदी बेटाच्या वरच्या अंगाला नर्मदेस मिळते, तीही दक्षिण तीराने. ती नर्मदेत न मिसळता तिला आडवी छेदून पलीकडे जाते, बेटाच्या उत्तरेने वाहते व पश्चिम टोकाला पुन्हा नर्मदेस मिळते, अशी श्रद्धा आहे. म्हणून एकाच क्षेत्री दोन संगम. दोन प्रवाह काही अंतर वेगवेगळ्या रंगांनी शेजारी वाहताना पावसाळ्यात कोणत्याही संगमावर दिसतात, तेवढा आधार या समजुतीला आहे. परंतु उपनदीचे पाणी मुख्य धार कापून पलीकडच्या तीराला लागणे प्रवाहाच्या नियमात बसत नाही. उत्तरेकडचा फाटा हे नर्मदेचेच उथळ, खडकाळ पात्र मानणे अधिक सयुक्तिक होय.

स्थाननामाचा प्रश्न असाच गुंतागुंतीचा आहे. द्वादशज्योतिर्लिंग स्तोत्रातील ‘ओंकारममलेश्वरम्’ या पदाचा विग्रह ‘ओंकारम् + अमलेश्वरम्’ असा होतो. आधीच्या पदातला म् पुढे जोडून ‘ममलेश्वर’ हे रूप रूढ झाले, असे दिसते. दक्षिण तीरावरील या ममलेश्वर मंदिराचे जुने नाव अमरेश्वर असल्याचे कोरीव लेखांवरून स्पष्ट होते. परमार राजा जयसिंह याच्या संवत् १११२ (इ. स. १०५५) च्या ताम्रपटात अमरेश्वर येथील पट्टशाळेतील ब्राह्मणांना दिलेल्या दानाचा उल्लेख आहे, मंदिराच्या भिंतीवर कोरलेले हलायुध स्तोत्र (शिवस्तुती) इ. स. १०६३ चे. ज्योतिर्लिंग बेटावरचे की तीरावरचे, या वादात पडण्याचे भाविक टाळतात आणि दोन्हीकडे दर्शन घेतात. प्राचीन माहिष्मती म्हणजे मांधाता, असे मत पार्जिटर व फ्लीट या संशोधकांनी मांडले. रघुवंशात रेवेला (नर्मदेला) माहिष्मतीच्या तटाची मेखला म्हटले आहे, ती उपमा बेटालाच शोभते, हा त्यातला खरा जोर. शिवाय परमार राजा देवपालाने माहिष्मतीत मुक्काम असताना केलेल्या दानाचा संवत् १२८२ चा ताम्रपट मांधात्यालाच सापडला. मात्र महेश्वर–नावडातोडी येथे डेक्कन कॉलेजने १९५० नंतरच्या दशकात केलेल्या उत्खननांनंतर महेश्वराचे पारडे जड झाले आहे.

हवामान उष्ण व मोसमी. स्थान कर्कवृत्ताच्या दक्षिणेस असल्याने सूर्य वर्षातून दोनदा, साधारण ३ जून व १० जुलैला, डोक्यावर येतो. दुसऱ्या वेळी ढगांमुळे ‘शून्य सावली’ क्वचितच दिसते. इंदूर सु. ५५० मी. उंचीवर, तर नर्मदेचे पात्र येथे १७० मी.च्याही खाली. भेरूघाट उतरून निमाडात आले की केवळ उंचीमुळेच दोन-अडीच अंशांची भर पडते. माळव्याची गार रात्र वाटेवरच्या चोरल गावाच्या अलीकडेच राहते. त्यात कड्यांमुळे वारा अडतो आणि दिवसभर तापलेला दगड रात्री उष्णता सोडत राहतो, म्हणून मे महिन्यात पारा थोडा उतरला तरी गावात उकाडा जाणवतो. मे महिन्यात कमाल तापमान ४२° से.च्या पुढे जाणे नेहमीचे. विंध्य-सातपुड्यामधली नर्मदेची दरी पश्चिमेला मोकळी असल्याने अरबी समुद्राकडचा मोसमी वारा थेट आत शिरतो. मोठ्या झडी मात्र बंगालच्या उपसागरावरून दरीच्या रोखाने पश्चिमेकडे सरकणाऱ्या कमी दाबाच्या पट्ट्यांमुळे येतात. हिवाळा अल्प व सुखद. पहाटे डोहावर धुके असते.

पुराचा स्थानिक पावसाशी संबंध थोडाच. पाणी बर्गी, तवा व इंदिरासागर धरणांच्या वरच्या पाणलोटातून येते, त्यामुळे गावावर ऊन असताना घाट बुडू शकतात. सप्टेंबर २०२३ मध्ये मोठा पूर आला, तेव्हा मोरटक्क्याचा पूल बंद ठेवावा लागला होता. तेथील धोक्याची पातळी १६३.९८ मी. इंदूरहून पावसाळ्यात निघणाऱ्याने बेटावर पाऊस आहे की नाही यापेक्षा मोरटक्क्याची पातळी विचारावी.

बेटाच्या लगत वर ५२० मेगावॉटचे (६५ मेगावॉटची ८ यंत्रे) ओंकारेश्वर धरण असून तेथे २००७ पासून वीजनिर्मिती होते. यंत्रे विजेच्या मागणीनुसार चालतात, त्यामुळे खालच्या पात्रातील पाणी दिवसातही चढते-उतरते. याचे दोन परिणाम घाटावर दिसतात. रोज भिजून उघड्या पडणाऱ्या खालच्या पायऱ्यांवर शेवाळ धरते व पाय घसरतो. आणि पाणी उतरलेले असताना मधल्या खडकांवर गेलेला माणूस पाणी सुटले की अडकतो. धरणाचा भोंगा वाजला की सामान न आवरता वर यावे. एप्रिल २००५ मध्ये भुतडी अमावास्येला वरच्या बाजूच्या धाराजी येथे इंदिरासागर धरणाचे पाणी अचानक वाढून अनेक भाविक वाहून गेले होते. ते धाराजी आता या जलाशयात बुडाले आहे.

बेटाची प्रदक्षिणा सु. ७ किमी. बेटावरील ओंकारेश्वर मंदिराकडून पश्चिमेला संगमावरील ऋणमुक्तेश्वरापर्यंत (येथे चण्याची डाळ वाहतात) वाट नदीकाठाने, बरीच सावलीची. तेथून चढून गौरी सोमनाथ व सिद्धनाथ. हा पठारावरचा भाग उघडा असल्याने अनवाणी जाणाऱ्याने उन्हाळ्यात उजाडतानाच निघावे, नऊनंतर फरशी भाजते. नर्मदा परिक्रमेचा संकल्प बहुधा दक्षिण तीरावरील गोमुख घाटावर सोडतात. परिक्रमेत नर्मदेची धार ओलांडायची नसल्याने बेटावरील दर्शन संकल्पापूर्वी तरी घ्यावे लागते, नाहीतर परिक्रमा पुरी करून ओंकारेश्वराला जल चढवताना. चातुर्मासात चालणे थांबते.

इंदूरला १९७८ पासून मिळणारे नर्मदेचे पाणी बेटाच्या खालच्या अंगाला, मंडलेश्वराजवळील जलूद येथून उपसले जाते.