पेनंटची मालिका: तीन विजय पुरे की चार?

ऑक्टोबरात वर्ल्ड सिरीजच्या, म्हणजे अमेरिकन बेसबॉलच्या अंतिम मालिकेच्या, आधी अमेरिकन लीग आणि नॅशनल लीग या दोन्हींत जास्तीत जास्त सात सामन्यांची एकेक मालिका होते. आधी चार सामने जिंकेल तो त्या लीगचा विजेता, आणि या विजेतेपदाला बेसबॉलमध्ये म्हणतात पेनंट. ही लीग चॅम्पियनशिप सिरीज, थोडक्यात एलसीएस, आता इतकी अंगवळणी पडली आहे की ती पहिल्यापासूनच असावी असं वाटतं. प्रत्यक्षात ती १९६९ ची. नॅशनल लीग १८७६ ची, अमेरिकन लीग १९०१ ची, पहिली वर्ल्ड सिरीज १९०३ ची. म्हणजे पहिली पासष्ट वर्षं वर्ल्ड सिरीजचं या मालिकेवाचून काही अडलं नव्हतं.

अडलं नव्हतं, कारण हिशेब साधा होता. एका लीगमध्ये आठ संघ, प्रत्येकाने उरलेल्या सातांशी २२ वेळा खेळायचं, एकूण १५४ सामने. शेवटी ज्याचे विजय जास्त, पेनंट त्याचं. बरोबरी झाली तरच जादा सामने, आणि त्यातही दोन्ही लीगची तऱ्हा वेगळी: नॅशनल लीगमध्ये तीन सामन्यांची छोटी मालिका, अमेरिकन लीगमध्ये एकच सामना. १९५१ मध्ये न्यूयॉर्क जायंट्सच्या बॉबी थॉमसनने ब्रुकलिन डॉजर्सविरुद्ध शेवटच्या इनिंगमध्ये मारलेली प्रसिद्ध होम रन (आपल्याकडच्या षटकारासारखा फटका) अशाच छोट्या मालिकेतली. इनिंग म्हणजे दोन्ही संघांची बॅटिंगची एकेक पाळी; सामना नऊ इनिंगचा, बरोबरी झाली तर पुढे चालतो. हे जादा सामने नोंदवहीत नियमित हंगामाचे धरले जातात, प्लेऑफचे नाहीत. जुनी आकडेवारी चाळताना इथे हमखास घोटाळा होतो.

१९६१-६२ मध्ये दोन्ही लीग दहा-दहा संघांच्या झाल्या आणि हंगाम १६२ सामन्यांचा. १९६९ मध्ये कॅन्सस सिटी, सिएटल, मॉन्ट्रियल आणि सॅन डिएगो हे चार नवे संघ आले, तेव्हा आकडा बारा-बारावर गेला. बारा संघांच्या एकाच तक्त्यात जूनमध्येच दहाव्या-अकराव्या जागी घसरलेल्या संघाचं तिकीट कोण काढणार? म्हणून प्रत्येक लीगचे सहा-सहा संघांचे दोन डिव्हिजन झाले, ईस्ट आणि वेस्ट. नॅशनल लीगने हे करताना नकाशाकडे फारसं बघितलं नाही: अटलांटा आणि सिनसिनाटी वेस्टमध्ये, आणि त्यांच्याही पश्चिमेला असलेली शिकागो आणि सेंट लुईस ईस्टमध्ये. दोन डिव्हिजन म्हणजे दोन विजेते, आणि त्यांच्यातला एक निवडायला एलसीएस. पाच सामने, तीन विजय.

पहिल्या वर्षी दोन्ही मालिका ३-० अशा संपल्या. १०९ सामने जिंकलेल्या बाल्टिमोरने मिनेसोटाला हरवलं, न्यूयॉर्क मेट्सने अटलांटाला. १९७० मध्ये तर मालिकेच्या पहिल्याच दिवशी पंच संपावर गेले आणि बदली पंच उभे करावे लागले.

खरी खोट यजमानपदात होती. पहिले दोन सामने एका शहरात, उरलेले तीन दुसऱ्या, आणि कोणाला काय मिळणार ते विजयांवर ठरत नसे; ईस्ट आणि वेस्ट यांच्यात आलटून पालटून पाळी असे. १९७३ मध्ये सिनसिनाटीचे ९९ विजय होते आणि मेट्सचे अवघे ८२ (हार ७९), तरी शेवटचे तीन सामने न्यूयॉर्कला पडले. मेट्स ३-२ ने जिंकले. इतक्या कमी विजयांच्या टक्केवारीवर पेनंट मिळवलेला दुसरा संघ आजही नाही. १६२ सामन्यांची मेहनत एका आठवड्यात पुसली जाते ही तक्रार तेव्हाची, आणि ती खोटी नव्हती.

१९८५ मध्ये मालिका सात सामन्यांची झाली. टीव्हीच्या पैशाला जादा सामने हवेच होते, पण फरक मैदानावरही लगेच दिसला. त्याच वर्षी टोरंटो चार सामन्यांनंतर ३-१ ने पुढे होतं. आदल्या वर्षीचा नियम असता तर पेनंट त्यांच्या हातात पडलं असतं. जॉर्ज ब्रेटच्या कॅन्सस सिटीने पुढचे तिन्ही सामने जिंकले, आणि वर्ल्ड सिरीजही. १९८६ मध्ये कॅलिफोर्निया एंजल्सचं तेच झालं. ३-१ ची आघाडी, पाचव्या सामन्यात पेनंटपासून फक्त एक स्ट्राइक दूर (बॅटरच्या तीन स्ट्राइक झाल्या की तो बाद), आणि बॉस्टनच्या डेव्ह हेंडरसनची होम रन. तो सामना ११ इनिंग चालला, मग मालिकाच हातची गेली.

पाच आणि सात यांतला फरक पिचरच्या, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याच्या, विश्रांतीत मोजावा लागतो. स्टार्टर पिचरला, म्हणजे सामन्याची सुरुवात करणाऱ्याला, दोन सामन्यांमध्ये साधारण चार दिवस मोकळे हवेत. आजची मांडणी २-३-२ अशी आहे: पहिले दोन सामने वरच्या मानांकनाच्या संघाकडे, मधले तीन दुसऱ्याकडे, शेवटचे दोन पुन्हा पहिल्याकडे, आणि मध्ये प्रवासाचे दोन दिवस. सामने पडतात १, २, ४, ५, ६, ८ आणि ९ या दिवशी. पहिल्याचा स्टार्टर पाचव्याला, दुसऱ्याचा सहाव्याला, तिसऱ्याचा सातव्याला परततो, सगळे पुरेशा विश्रांतीने. चौथ्या सामन्याला मात्र चौथा माणूस लागतोच. तो नसेल तर पहिल्याला तीन दिवसांच्या विश्रांतीवर उतरवायचं, नाहीतर सगळा भार बुलपेनवर, म्हणजे मागून येणाऱ्या राखीव पिचरांवर, टाकायचा. दोन्ही उपाय सामन्यापुरते निभावतात. त्याची किंमत सहाव्या-सातव्या सामन्यात चुकवावी लागते.

हे गणित मोडलं की काय होतं ते २००४ च्या अमेरिकन लीगमध्ये दिसलं. पावसाने तिसरा सामना एक दिवस पुढे गेला, प्रवासाची सुट्टी उडाली आणि तिसऱ्यापासून सातव्यापर्यंत सगळे सामने सलग पाच दिवसांत झाले. तिसऱ्यात न्यूयॉर्क यँकीजने बॉस्टनला १९-८ ने चिरडलं आणि बॉस्टन ०-३ ने मागे पडलं. पण त्या पडझडीत बॉस्टनच्या टिम वेकफिल्डने चौथ्या सामन्याची आपली पाळी सोडून बुलपेनमधून इनिंग खाल्ल्या, म्हणून बाकीचे हात ताजे राहिले. चौथ्यात नवव्या इनिंगला डेव्ह रॉबर्ट्सने दुसरा बेस चोरला (म्हणजे फटक्याची वाट न बघता धावत गाठला), बॉस्टनने बरोबरी साधली आणि बाराव्यात डेव्हिड ऑर्टिझने सामना संपवला. पाचवा १४ इनिंगचा, त्यातला विजय वेकफिल्डच्याच नावावर. सातव्यात डेरेक लो दोन दिवसांच्या विश्रांतीवर उतरला आणि बॉस्टन १०-३ ने जिंकलं. मेजर लीगमध्ये, म्हणजे या दोन्ही लीग मिळून, ०-३ वरून मालिका जिंकलेला हा एकमेव संघ. २०२० मध्ये ह्यूस्टनने टँपा बेविरुद्ध ०-३ वरून ३-३ केलं, पण सातवा सामना गमावला. कोविडच्या त्या हंगामात तटस्थ मैदानांवर सात दिवसांत सात सामने, एकही सुट्टी नाही. तिथे चार स्टार्टरही पुरत नव्हते.

एलसीएसच्या आधीचा जिना मात्र वाढतच गेला. १९९४ मध्ये तीन डिव्हिजन आणि वाइल्ड कार्ड (डिव्हिजन न जिंकलेल्यांतल्या सर्वोत्तम संघाची जागा) आलं, पण खेळाडूंच्या संपाने प्लेऑफच बुडाले. डिव्हिजन सिरीज, म्हणजे एलसीएसच्या आधीची फेरी, १९९५ पासून रुळली. १९९८ पासून यजमानपदाची पाळी गेली आणि विजयांना मान मिळाला, तरी वाइल्ड कार्डवाल्यापेक्षा डिव्हिजनचा विजेता नेहमी वर. २०२२ पासून प्रत्येक लीगमधून सहा संघ येतात. पहिल्या दोघांना थेट डिव्हिजन सिरीज, बाकी चौघांना आधी तीन सामन्यांची फेरी. आयपीएल बघणाऱ्याला इथे एक गोष्ट खटकेल: पहिल्या दोघांना हरल्यावर दुसरी संधी नाही. २०२३ मध्ये ८४ विजयांचं, सहाव्या मानांकनाचं अॅरिझोना असंच पेनंटपर्यंत गेलं.

मालिका मुद्दाम लांबवली जाते या संशयावरही नियमात उतारा आहे. एलसीएसमधून खेळाडूंच्या वाट्याला येणारी रक्कम पहिल्या चार सामन्यांच्याच तिकिटांतून काढतात. पुढचे सामने झाले काय, न झाले काय, त्यांच्या खिशात फरक पडत नाही.

२०२५ मध्ये सर्वाधिक, ९७ विजय मिळवणाऱ्या मिलवॉकीने नियमित हंगामात लॉस एंजेलिस डॉजर्सना सहापैकी सहा वेळा हरवलं होतं. नॅशनल लीगच्या एलसीएसमध्ये ते ०-४ ने हरले आणि चार सामन्यांत मिळून चारच रन काढू शकले. पहिल्या सामन्यात डॉजर्सचा पिचर ब्लेक स्नेल आठ इनिंग टिकला, दुसऱ्यात योशिनोबू यामामोतोने पूर्ण नऊ टाकल्या, तिसऱ्यात टायलर ग्लास्नाऊ, चौथ्यात शोहेई ओहतानीने सहा इनिंगमध्ये दहा बॅटर स्ट्राइकआउट केले आणि वर स्वतः तीन होम रन मारल्या. मिलवॉकीला पहिल्या आणि तिसऱ्या सामन्याची सुरुवातच बुलपेनमधल्या हाताने करावी लागली होती.